बालवाडीला इलॅस्टिक, पहिलीला हुक

माणसाच्या आयुष्याचे टप्पे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. मी जन्मभर सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवले. आमच्या धंद्यात बालवाडीच्या पोराला इलॅस्टिकची चड्डी, पहिलीपासून हुक-बटणाची हाफ पँट आणि आठवीला फुल पँट, असं चालायचं. इलॅस्टिक म्हणजे ज्याला अजून स्वतःचं स्वतः सावरता येत नाही तो. हुक आला की पोरगं माणसात आलं. दहावीनंतर शाळा सुटते, म्हणून आमच्या धंद्यात माणूस तिथंच संपतो. पुढं तो म्हातारा होतो आणि त्यालाही कपडे लागतात, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

हे मी हातानं लिहीत नाही, मोबाईलला सांगतोय. मी 'हाय' म्हटलं तरी तो 'आहे' लिहितो, त्यामुळं इथं मी जरा शिकलेला वाटेन. तोंडचं बोलणं तेवढं मी त्याला जसंच्या तसं लिहायला लावलंय. एका सकाळी दात घासताना ब्रश बेसिनमध्ये पडला आणि उजवा हात जो गेला तो गेलाच. पाय सावरला, जीभ सावरली. जीभ जरा जास्तच सावरली असं घरातले म्हणतात, म्हणू देत. हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबतो. दुखत नाही, थरथरत नाही. ज्या हातानं थप्पीच्या थप्पी कापड एका दमात कापलं, त्याला आता बटण काजातून घालता येत नाही. डाव्या हातानं बघितलं करून. घामाघूम झालो आणि एक बटण तुटून हातात आलं.

आमची ही सकाळी खोलीचं दार लोटून घ्यायची आणि माझी बटणं लावायची. बोलायची दुसरंच. गॅस संपत आलाय, शेंगदाणे महागलेत, वरच्या मजल्यावरच्यांनी पुन्हा पाणी सांडलं. बोटं आपली खाली खाली सरकायची. बटणाचा विषय आम्ही दोघांनी कधी काढला नाही. दार उघडलं की मी धडधाकट माणूस म्हणून बाहेर यायचो, आणि बटणं ही लावते हे घरात कुणाला माहीत नाही अशी माझी समजूत होती.

मग आमच्या लेकीचं बाळंतपण आलं. ती बेंगळुरूला असते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं, तेव्हा हीच तिकडं गेली. जाताना बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "सूनबाईला सांगून ठेवू का तुमचं?"

"खबरदार," मी म्हटलं.

आमचं मूळ गाव मंद्रूप. आमच्याकडं सासरा सुनेसमोर उघड्या अंगानं फिरत नाही. माझे वडील तर घरात सून आल्यापासून खाकरल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं गेले नाहीत. त्या बापाचा मी मुलगा, मी सुनेला म्हणू की ये बाई, माझ्या शर्टाची बटणं लाव? जीव गेला तरी जमलं नसतं.

सूनबाई तशी गुणाची पोरगी. पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरातली, तिचे वडील टॉवेलच्या मागावर. मराठी शाळेत शिकली, त्यामुळं आमच्यापेक्षा शुद्ध बोलते. मला मामा म्हणते. लग्नानंतर तिनं फॅशन डिझाइनच्या कोर्सला नाव घातलं, तेव्हा खालचा माझा बंद पडलेला कारखाना मीच तिला उघडून दिला. दोन मशिनी आणि कटिंगचं टेबल अजून तिथं होतं. दिवसभर ती खाली, मी वर. मुलगा चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला, पहिल्या पाळीला उजाडायच्या आत बाहेर पडतो.

तर ही गेल्यावर मी असं सुरू केलं. मुलगा उठायच्या आधी उठायचं, शर्ट अंगात अडकवून, पँट कशीतरी वर ओढून कॉटवर बसायचं. तो यायचा, अर्धवट झोपेत बटणं लावायचा, हुक लावायचा आणि निघून जायचा. दोघंही एक शब्द बोलायचो नाही. संध्याकाळी त्यानं सोडवायचं. ओव्हरटाइम असला की तो येईपर्यंत मी तसाच शर्टात आडवा. मग त्याला उठून कोण सांगणार, तो बिचारा दमून आलेला, म्हणून दुसऱ्या दिवशीही तोच शर्ट. आतला बनियन तर बदलायचा प्रश्नच नव्हता.

अंघोळीचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. अंघोळ व्हायची रविवारी, मुलगा घरी असला की. बाकीच्या दिवशी सूनबाई गरम पाणी काढून ठेवायची आणि हाक मारायची. मी बाथरूममध्ये जायचो, कडी लावायचो, आणि कपड्यांसकट उभं राहून बादली मोरीत ओतून द्यायचो. केसांना जरा पाणी लावायचं, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि "हर हर" करत बाहेर यायचं. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. घरातली पोरगी पिंपं भरता भरता कंबर धरून बसायची, आणि मी म्हातारा ते पाणी गटारात सोडत होतो. माझं मला कळत होतं. तरी ओतत होतो.

कट्ट्यावरही तीच तऱ्हा. तळ्याजवळ सकाळी आम्ही तिघं बसतो. एक एसटीतले निवृत्त कंडक्टर आणि एक बटण-धाग्याचे दुकानदार, ज्यांच्याकडून मी जन्मभर बटणं घेतली. दोघं मला मास्तर म्हणतात. चहा यायचा तेव्हा मी हात आडवा करायचो, पित्त झालंय म्हणायचो. पित्त कशाचं डोंबलाचं. चहा प्यायला की बाथरूमला लागणार, आणि बाहेर हुक सोडणार कोण आणि परत लावणार कोण? घरी येईपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही, असं ठरवूनच निघायचो. घरी आलो की मात्र पँट हुकासकट पिरगाळून खाली ढकलायची आणि लुंगी खोचायची. तेवढं एका हातानं जमतं.

असं चाललेलं असताना एका दुपारी सूनबाई वर आली.

"मामा, तुमच्याकडं एक काम होतं."

तिच्या कोर्सचं शेवटचं काम होतं, त्याच्यावरच पास-नापास. विषय तिनंच निवडलेला. माणसाच्या मनाचे टप्पे असतात, मानसशास्त्राच्या पुस्तकात दिलेत, त्या एकेका टप्प्यासाठी ती कपडे करणार होती. तान्ह्या बाळाचा टप्पा भरवशाचा, म्हणून त्याचं झबलं आईच्या नेसत्या साडीचं, आईचा वास यावा असं. दोन-तीन वर्षांच्या पोराला सगळं "माझं मी" करायचं असतं, म्हणून त्याला स्वतःची स्वतः ओढता येईल अशी चड्डी. वयात आलेल्या मुलीला मी कोण हा प्रश्न, म्हणून दोन्ही बाजूंनी घालता येईल असं जाकीट. मला पटलं. आमच्या धंद्यात मन वगैरे कुणी बघत नाही, छाती-कंबर बघतात, पण पोरगी विचार करतेय एवढं दिसत होतं.

"आणि शेवटचा टप्पा?" मी विचारलं.

"समाधानाचा, मामा. मागं वळून बघायचं आणि झालं ते बरं झालं म्हणायचं. ते कपडे घालून स्टेजवर तुम्ही चालायचं. चालाल ना?"

आता समाधान म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर काय यावं? सूट. हजारो पोरांना कपडे चढवले, पण माझ्या अंगाला मापाचा सूट कधी लागला नाही. लग्नात घातला तो भाड्याचा, त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. मी लगेच हो म्हटलं. ती काय शिवणार आहे हे विचारलंसुद्धा नाही. असं विचारणं बरं दिसत नाही, असं मनाला समजावलं. खरं म्हणजे मला सूट ठरवूनच टाकायचा होता.

माप घेताना तिनं मला खुर्चीवर बसवलं. बसलेल्या अवस्थेत कंबर घेतली, आसन म्हणजे बैठकीचं माप घेतलं. बाहीचं माप घ्यायला डावा हात वर करायला सांगितला, उजव्याकडं बघितलंही नाही. पँटचं माप उभ्या माणसाचं घेतात, हे काज-बटणाला येणाऱ्या बाईलाही माहीत असतं. बसवून माप घेतलं याचा अर्थ हे कपडे बसून घालणाऱ्या माणसाचे. मी कटिंग मास्तर, मला हे समोर दिसत होतं आणि तरी कळलं नाही. मला वाटलं, कॉलेजात नवीन पद्धत शिकवत असतील. डोक्यात सूट बसला होता, दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी हवा केली. सून सूट शिवतीय, स्टेजवर चालायचं हाय, तुमी दोघांनी यायचं. कंडक्टर म्हणाले, "मास्तर, चालताना तिकीट तिकीट वरडू का मागनं?" दुकानदार जास्त खूश झाले. ते म्हणाले, "सूट शिवती तो बटनां मेरी तरफ से." आणि खरंच, दोन दिवसांनी त्यांनी कोटाच्या पिवळ्याधमक बटणांची पुडी माझ्या डाव्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

ती पुडी घेऊन मी खाली कारखान्यात गेलो. सूनबाई मशिनीवर होती. पुडी उघडून तिनं बटणं तळहातावर घेतली.

"मामा," ती म्हणाली, "याला बटणं नाहीत."

"म्हंजे?"

तिनं टेबलावरचा शर्ट उलगडला. शर्टच होता, कोट नव्हता. वरून बटणं दिसत होती, पण ती नुसती वर शिवलेली. पट्टीच्या आत लोहचुंबक. तिनं एका हातानं दोन्ही बाजू जवळ आणल्या आणि त्या टक् करून चिकटल्या. मग पँट. समोरून हुकाची दिसत होती, पण हुक खोटा. मागं इलॅस्टिक. डाव्या बाजूला अंगठा अडकवून वर ओढायला एक लूप. बाजूला पँट कापायच्या नमुन्याच्या दोन कागदी कटिंग एकावर एक पडल्या होत्या, खाली मोठी, वर छोटी, आकार तोच. कागद मी ओळखतो. वरची बालवाडीची होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मी काय बारकं पोर हाय व्हय? इलॅस्टिक? मला इलॅस्टिक?"

"मामा, ऐका की. पुस्तकात लाजेचा टप्पा दोन-तीन वर्षांच्या पोराचा लिहिलाय. त्या वयात त्याचं त्याला जमलं नाही तर ते लाजायला शिकतं. मी आमच्या मॅडमना म्हटलं, हा टप्पा परत येतो. पुस्तकात नाही, पण येतो."

"तुला कुणी सांगितलं मला लाज वाटती म्हणून?"

तिनं बटणं परत पुडीत ओतली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "अंघोळीचा आवाज तांब्या-तांब्यानं येतो, मामा. तुमचा एकदमच येतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटत होतं मी सगळ्यांना फसवतोय, आणि ही पोरगी रोज दाराबाहेर उभं राहून, मी बादली ओततो ते ऐकून, पुन्हा दुसऱ्या दिवशी पाणी तापवत होती. शर्ट तोच आहे, बनियन तोच आहे, बाहेर पडायच्या आधी मी चहाला शिवत नाही, सगळं तिला दिसत होतं. त्या वेळी मी तोंडाला येईल ते बोललो. शिकलेल्या पोरींना घरातली अब्रू स्टेजवर मांडायची हौस असते, असंही बोललो. आवाज चढवला, कारण दुसरं काहीच करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी म्हणालो, मी चालणार नाही, दुसरा म्हातारा बघ.

"बरं, मामा," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलेलं नाही. यांनाही नाही." यांना म्हणजे आमच्या मुलाला. आणि तिनं शर्टाची घडी घातली.

त्या दिवसापासून मी बादली ओतणं बंद केलं. नाटक करायचं तर समोरच्याला खरं वाटलं पाहिजे. ती पाणी ठेवायची, मी ते तसंच ठेवायचो, ती ते भांड्यांना वापरायची. एकमेकांसमोर आलो की ती बाजूला सरकायची आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायचो. जेवण दारात ठेवून जायची. बेंगळुरूहून हिचा फोन आला की मी सांगायचो, सगळं ठीक आहे, तू तिकडचं बघ.

कट्ट्यावर मात्र बोलावणं मागं घेता आलं नाही. पाठ धरलीय म्हणून मी चालणार नाही, सूट दुसराच कुणी घालणार आहे, असं सांगून मी मोकळा झालो. वाटलं होतं, मग येणार नाहीत. पण दोघं आले. कंडक्टर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, दुकानदार अत्तर लावून. मला रिक्षात मध्ये बसवून घेऊन गेले. मुलाला रजा मिळाली नव्हती, त्यानं पहाटे माझी बटणं लावून दिली होती, गळ्यापर्यंत सगळी.

हॉल भरलेला. समोर परीक्षक, बाहेरगावाहून आलेले दोन पुरुष आणि एक बाई. इतर मुलींचे कपडे झाले, टाळ्या झाल्या, मग सूनबाईचा नंबर आला. झबल्यातलं बाळ आईच्या कडेवर आलं. मग दोन वर्षांचं एक पोरगं आलं आणि भर स्टेजवर स्वतःची चड्डी स्वतः वर ओढून दाखवली, तेव्हा हॉल हसला आणि टाळ्या पडल्या. पोरगं असं ऐटीत उभं राहिलं की मलाही बरं वाटलं. जाकिटातली मुलगी आली, मधल्या वयाची माणसं आली. दुकानदार मला कोपर मारत होते, सूट कधी येतो म्हणून.

आणि मग तो आला. नाटकात काम करणारा एक तरुण तिला मिळाला होता. केसांना पावडर, पाठीत वाकलेला, दोन्ही हात लटलट हलवत, खोकत. त्याला म्हातारा म्हणजे एवढंच माहीत असणार. हॉलमध्ये हशा पिकला. कंडक्टरही हसले. माझा हात असा हलत नाही, मी असा खोकत नाही, पण तिथं कोण ऐकणार. खुर्चीवर बसून त्यानं शर्ट चढवला, दोन्ही हातांनी. पट्टी दोन्ही हातांनी धरून टक् टक् चिकटवली आणि वाकून नमस्कार केला.

परीक्षकांतले एकजण माईकवर बोलले. "कल्पना छान आहे, पण हा शर्ट तर साधाच दिसतोय. यात नवीन काय आहे?"

सूनबाई पुढं आली. हातात माईक. "सर, हा अशा माणसासाठी आहे की ज्याचा एक हात..." एवढं बोलून तिची नजर आमच्या ओळीवर आली. माझ्यावर आली. माझ्या एका बाजूला कंडक्टर, दुसऱ्या बाजूला दुकानदार. तिनं माईक दुसऱ्या हातात घेतला.

"सोय म्हणून आहे, सर," ती म्हणाली. "घालायला सोपा."

परीक्षकांनी मान हलवली आणि खाली बघून काहीतरी लिहिलं. तिच्या मॅडम कडेला उभ्या राहून हातानं बोल बोल अशी खूण करत होत्या. ती बोलली नाही. वर्षभराची मेहनत, मनाचे टप्पे, ते लोहचुंबक, रात्रंदिवस झिजवलेली बोटं, सगळं तिनं तिथं सोडून दिलं. कशासाठी, तर मी शेजारच्या दोघांना पित्त झालंय म्हणून सांगितलं होतं, ते खरं राहावं म्हणून. एवढी लाज मला बादली ओतताना वाटली नव्हती. तिला काय काय बोललो होतो ते एकेक आठवलं आणि बसवेना.

मी उठलो. कंडक्टर म्हणाले, "मास्तर, कुटं? बाथरूम तिकडं हाय."

"साहेब," मी मोठ्यानं म्हटलं, "त्या पोराला दोन्ही हात हायती. मला न्हाईत. मी दाखवतो."

पायऱ्या चढून वर गेलो. पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, कारण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. मी तो शर्ट एका हातानं घातला. एक पट्टी तिरकी चिकटली, ती सोडवून परत लावली. वेळ लागला. परीक्षकांतल्या बाई उठून जवळ आल्या आणि त्यांनी पट्टी स्वतः उघडझाप करून बघितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अगदी त्या चड्डीवाल्या पोराला वाजवल्या तशाच, आणि त्या मला आवडल्या नाहीत. सूनबाई पास झाली. कट्ट्यावर आता मी चहा पितो आणि दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलत नाही. हे सगळं ठीक झालं.

पण तो शर्ट घालायच्या आधी अंगातला काढायला हवा होता. हे मला स्टेजवर उभा राहिल्यावर सुचलं. त्या तरुणानं शर्ट काढून माझ्यासमोर धरला होता, हॉल वाट बघत होता, आणि मी गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. डावा हात वरच्या बटणापाशी गेला आणि तिथंच थांबला. मागच्या ओळीत कुणीतरी खुर्ची सरकवली, तेवढाच आवाज.

मी सूनबाईकडं वळलो.

"बटणं काढ," मी म्हटलं.

तिनं माईक खाली ठेवला. "मामा, बाहेरून कुणाला तरी बोलावते."

"कुणाला नगं. तूच काढ."

ती जवळ आली. माझ्या तोंडाकडं न बघता वरचं बटण काढलं. घरात इतकी वर्षं आम्ही कधी एवढ्या जवळ उभे राहिलो नव्हतो. दुसरं काढलं. आतला बनियन दिसायला लागला, तो मागच्या रविवारचा होता, गळ्याशी पिवळा पडलेला, आणि त्याचा वास तिला येत असणार, कारण मलाच येत होता. समोर माझे दोन मित्र, एवढे लोक, आणि मी सुनेसमोर मान वर करून उभा, कारण मान खाली घातली असती तर तिच्या डोक्याला लागली असती.

तिसऱ्या बटणाशी ती अडली. तिथं माईक नव्हता, ती अगदी हळू बोलली, फक्त मला ऐकू येईल असं.

"मामा, एक हाक मारली असती तर मी रोज आले असते की."

"ठावं हाय," मी म्हटलं. "म्हणून तर मारली न्हाय."

तिनं तिसरं बटण काढलं. खालची चार राहिली होती, तीही तिनं काढली.